दारूचा थेंब नाही, तरी लिव्हरवर चरबी: घरी सांगू की नको?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४३, हिशेबनिसाची नोकरी. घर माळकरी, वडील दरवर्षी वारीला जातात, आणि यांनी स्वतः आयुष्यात दारू तोंडाला लावलेली नाही. ऑफिसातल्या आरोग्य शिबिरात सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टवर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असं आलं. त्यांच्या चुलत्यांचं लिव्हर दारूने गेलं, ते सगळ्या गावाने पाहिलेलं. आता आपण घरी ‘लिव्हर’ म्हटलं तर ‘हाही बाहेर घेतो वाटतं’ असंच सगळे समजतील, या भीतीने दीड महिना झाला, रिपोर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच आहे. पत्नीलाही सांगितलेलं नाही. ‘ती नोकरी करते, तिच्यावर वेगळ्या स्वयंपाकाचा भार नको,’ असंही ते लिहितात. मधल्या काळात व्हिडिओ बघून त्यांनी महिन्याला अठराशे रुपयांच्या प्रोबायोटिक, म्हणजे ‘चांगल्या जिवाणूंच्या’, कॅप्सूल सुरू केल्या, दुकानातून गुळवेल असलेलं लिव्हर टॉनिक आणलं, चहात साखरेऐवजी गूळ सुरू केला. पोटातले जिवाणू मोजणारं बारा हजारांचं किट मागवायचा विचार आहे. ते विचारतात: माझ्यात कोणते चांगले बॅक्टेरिया कमी आहेत हे कसं कळेल? चांगल्या कॅप्सूलचं नाव सांगाल का? आणि हे घरी न कळता बरं होईल का?

नमस्कार.

पत्रात तुम्ही रिपोर्टचे आकडे, वजन, कंबर, दिवसभराचं खाणं असं सगळं नीट लिहून पाठवलंत, त्यामुळे मला मोकळेपणाने बोलता येईल. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला वाटलं की बाकीचे दोन प्रश्न त्याच्याच पोटातून आलेत. कॅप्सूल ड्रॉवरमध्ये ठेवता येते, डबा खाल्ल्यावर पाण्याबरोबर गिळता येते, कुणाला काही विचारावं लागत नाही. किटचंही तेच, पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवता येतं. घरी न कळता बरं व्हायचं ठरवलं की माणूस असलेच उपाय शोधणार. पण तुमच्या लिव्हरला जे हवंय ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे, आणि ज्या घरात चार माणसांचा स्वयंपाक एकाच गॅसवर होतो तिथे गुपचूप काही बदलता येत नाही.

तुमच्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. चुलत्यांचे शेवटचे दिवस ज्या घराने बघितले, त्या घरात लिव्हर या शब्दाला दारूचाच वास येणार. आणि यात डॉक्टरांचाही हात आहे. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांना दारू न पिणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतात अगदी दारू पिणाऱ्यांसारखे बदल दिसले. त्यातून ‘नॉन-अल्कोहोलिक’ हे बिरुद चिकटलं आणि पुढे चाळीसेक वर्षं या आजाराच्या नावातच अल्कोहोल राहिलं, तेही नकारार्थी. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय यकृत संघटनांनी मिळून नाव बदललं. आता त्याला एमएएसएलडी म्हणतात. लांबलचक नावाचा अर्थ एवढाच की शरीराच्या चयापचयाची घडी विस्कटल्यामुळे यकृतात साठलेली चरबी. नाव बदलण्याच्या कारणांमध्ये हेही एक कारण होतं की जुन्या नावाने रुग्णाला विनाकारण बट्टा लागतो. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला ऑफिसच्या ड्रॉवरपाशी बसून छळतेय, ती जगभरच्या रुग्णांना छळत होती. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये हा आजार मधुमेह, हृदयरोग, कॅन्सर यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तो घरोघरी आहे, म्हणूनच घेतला.

आता तुमचे आकडे. सोनोग्राफीतला ‘ग्रेड २’ म्हणजे यकृत पडद्यावर किती पांढुरकं, चमकदार दिसलं याचा अंदाज. चरबी मध्यम दिसतेय, एवढंच तो सांगतो. कॅन्सरची जशी ‘स्टेज’ असते तसं हे नव्हे, आणि यकृतात वण पडलेत का हे तर त्यावरून कळतच नाही. पुढचं सगळं वणांवर अवलंबून असतं. त्याचा पहिला अंदाज घ्यायला फिब-४ नावाचं साधं सूत्र आहे, आणि त्याला लागणारे आकडे तुमच्या रिपोर्टमध्ये आहेतच. तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, आपण दोघं मिळून करू. एसजीओटी आणि एसजीपीटी हे रक्ततपासणीतले यकृताचे दोन आकडे. वय गुणिले एसजीओटी: ४३ गुणिले ४४, म्हणजे १८९२. खाली प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट २ लाख ४० हजार, ते सूत्रात २४० धरायचे. एसजीपीटी ६२, त्याचं वर्गमूळ ७.८७. गुणाकार साधारण १८८९. भागाकार करा: १. हा आकडा १.३ च्या खाली असला की गंभीर वण असण्याची शक्यता कमी समजतात, २.६७ च्या वर गेला तर तज्ज्ञाकडे जायलाच हवं. तुमचा १ आहे. दीड महिना तुम्ही जे ओझं घेऊन फिरताय त्यातलं बरंचसं इथेच खाली ठेवता येईल.

तरीही डॉक्टरांना दाखवा. एसजीपीटी हिपॅटायटिस बी आणि सी मुळेही वाढतो, काही औषधांनीही वाढतो, तेव्हा त्या तपासण्या एकदा व्हायला हव्यात. शिबिरात तुमची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, झालेली दिसत नाही. तीही करा, सोबत कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब. मधुमेह आणि यकृतातली चरबी हातात हात घालून येतात. फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, लागेल की नाही हे डॉक्टर या आकड्यांवरून ठरवतील.

‘मी काही जाड नाही, फक्त पोट जरा सुटलंय,’ असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर थोडं थांबते. ६८ किलो वजन आणि १६५ सेंटीमीटर उंची, म्हणजे बीएमआय २५. युरोपातल्या माणसाला हा आकडा जेमतेम सीमेवरचा आहे. आपल्यासाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपली चरबी हातापायांवर दिसण्याआधी पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बायकांची ८०. तुमची ३८ इंच, म्हणजे ९६ च्या पुढे. या ‘जरा सुटलेल्या पोटा’बद्दलच आपल्याला बोलायचंय.

तुमचा जिवाणूंचा धागा मात्र खरा आहे. व्हिडिओतलं सगळंच फेकू नका.

आतड्यात अन्नातलं जे काही रक्तात उतरतं, त्यातलं बहुतेक थेट शरीरभर जात नाही. आतड्याकडचं रक्त एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात येतं; यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं साधारण तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येतं. वेशीवरचा जकात नाका असावा तसं यकृत बसलेलं असतं. आतड्यात जे घडेल त्याची पहिली झळ त्याला.

आणि मोठ्या आतड्यात राहतात ते अब्जावधी जिवाणू. आपल्याला जे पचवता येत नाही, म्हणजे भाजीचा चोथा, डाळींची सालं, धान्याचा कोंडा, ते त्यांचं जेवण. ते आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी आम्लं तयार करतात. यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन. म्हणजे तुमच्या आतड्याची भिंत धड राहायला जे लागतं ते तुम्ही चोथा खाल्लात तरच जिवाणू बनवणार. चोथा मिळाला नाही तर काय होतं हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय: काही जिवाणू आतड्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत संरक्षक थरच खायला लागतात. भिंत अशी झिरपू लागली की जिवाणूंच्या अंगाचे तुकडे रक्तातून नाक्यावर, म्हणजे यकृतात, पोचतात. तिथल्या पहारेकरी पेशी खवळतात आणि नुसत्या चरबीचं रूपांतर सुजेत व्हायला लागतं. माणसात यातलं कारण किती आणि परिणाम किती, यावर शास्त्रज्ञांचं काम अजून चालू आहे. पण दिशा हीच आहे.

तुम्हाला वाचून धीर येईल अशी एक गोष्ट सांगते. २०१९ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी एका रुग्णाबद्दल लिहिलं. त्याच्या यकृताला गंभीर सूज होती आणि दारू न पिताही, पिठूळ-गोड खाल्ल्यावर त्याच्या रक्तात अल्कोहोल चढायचं. त्याच्या आतड्यात क्लेबसिएला जातीचे असे जिवाणू सापडले जे भरपूर अल्कोहोल तयार करत होते. मग त्यांनी तिथल्या फॅटी लिव्हरच्या इतर रुग्णांत पाहिलं, तर बऱ्याच जणांत असे जिवाणू निघाले. उंदरांना ते दिल्यावर उंदरांच्याही यकृतात चरबी साठली. तुमच्यात हेच झालंय असं मी म्हणत नाही, चढण्याइतकं अल्कोहोल आतड्यात तयार होणं फार दुर्मीळ आहे. पण ग्लासाला हात न लावताही यकृत असं बिघडू शकतं, याचा याहून ठळक पुरावा कुठला हवा?

मग चांगले जिवाणू कॅप्सूलमधून का घेऊ नयेत?

कारण तसं करून पाहिलंय. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला फॅटी लिव्हरच्या १०४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना साधारण वर्षभर चांगले जिवाणू आणि त्यांचं खाद्य असं दोन्ही दिलं, अर्ध्यांना दिसायला तशीच पण निष्क्रिय पूड. पोटातल्या जिवाणूंची वस्ती खरोखर बदलली. यकृतातली चरबी मात्र त्या पुडीमुळे कमी झाली नाही. तुम्ही पत्रात अकरमॅन्सिया नावाच्या ज्या जिवाणूबद्दल विचारलंय त्याचं असं आहे: हा जिवाणू २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आणि २०१९ मध्ये बेल्जियममध्ये वजन जास्त असलेल्या मोजक्या लोकांना तीन महिने देऊन पाहिला. इन्सुलिनचा परिणाम सुधारला, ही चांगली बातमी आहे. पण जेमतेम ३२ जणांनी तो अभ्यास पूर्ण केला आणि तो यकृताच्या आजारावरचा नव्हता. त्यावरून सांगलीतल्या माणसाने महिन्याला अठराशे खर्चावेत असं मी म्हणू शकत नाही. कुठल्या कंपनीचं नाव सांगत नाही ते यामुळेच. किटचे बारा हजारही वाचवा. त्याचा रंगीत अहवाल येईल, त्यात अमुक कमी, तमुक जास्त असं लिहिलेलं असेल, पण तो वाचून तुमच्यावरचा उपचार बदलेल असं कुठल्याही डॉक्टरच्या हाती अजून काही नाही. आधी गेलेल्या पैशांबद्दल स्वतःला बोल लावू नका. घाबरलेला माणूस काहीतरी करतोच.

टॉनिक मात्र आजच बंद करा. हे मी आग्रहाने सांगतेय. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली होती. त्यावर वाद झाला, आयुष मंत्रालयाने आक्षेपही घेतला. पण ज्याचं एसजीपीटी आधीच वाढलेलं आहे त्याने बाटलीतलं, नीट न कळणाऱ्या मिश्रणाचं औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये, यात वाद असायचं कारण नाही. डॉक्टरांकडे जाताना ती बाटली सोबत न्या आणि किती दिवस घेतली ते सांगा.

आणि गूळ. गूळपट्ट्यातल्या माणसाला हे सांगताना मलाही जड जातंय. तुम्ही मनापासून काळजी घेतलीत, साखर सोडून गूळ घेतलात, पण यकृताच्या लेखी दोन्ही जवळपास सारखेच. गुळाचा बहुतेक भाग साखरच आहे, आणि साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. थोडं फ्रुक्टोज लहान आतडंच निस्तरतं. एका झटक्यात जास्त आलं की ते यकृतात जातं आणि यकृत त्याची चरबी बनवतं. उंदरांमध्ये तर असंही दिसलंय की उरलेलं फ्रुक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की जिवाणू त्याचं ॲसिटेट करतात, आणि तेही यकृत चरबी बनवायलाच वापरतं. चोथा मिळाला तर उपयोगी पडणारे जिवाणू साखर मिळाली तर असे वागतात.

तुम्ही दिवसाला पाच चहा लिहिलेत. एक प्रयोग करा, मी तो बऱ्याच घरांत करायला लावते. ओट्यावर एक रिकामी वाटी ठेवा. चहात जेवढा गूळ टाकाल, तेवढाच चमचा भरून त्या वाटीत टाका. ऑफिसातल्या चहाचाही घरी आल्यावर टाका, खाल्लेल्या बिस्किटांसाठी एकेक चमचा टाका. रात्री झोपताना वाटीकडे बघा. पाच चहांचे दोन-दोन चमचे म्हणजे दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास थांबावी. वाटी बघितल्यावर कुणाला भाषण द्यावं लागत नाही. चहा पाचाचे तीन करा, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जिभेला सवय व्हायला साधारण महिना लागतो. रसवंतीचा उसाचा रस, कोल्ड्रिंक, डब्यातला ‘नैसर्गिक’ ज्यूस हे मात्र एकदमच सोडा. फळ चावून खा.

आता मुख्य गोष्ट, चोथा. भारतीय आहारतज्ज्ञ २००० कॅलरींमागे ३० ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ सुचवतात. तुमचं ताट मी बघितलं: सकाळी चहा-खारी, दुपारी डब्यात चाळलेल्या पिठाच्या चपात्या आणि बटाटा, संध्याकाळी भडंग, रात्री दहाला वरण-भात. शाकाहारी आहे, साधं आहे, घरचं आहे. पण जिवाणूंच्या पानात फारसं काही पडत नाही. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा ३ ग्रॅमसुद्धा नसतो. ज्वारीत दहाच्या आसपास, आख्ख्या हरभऱ्यात तर पंचवीसच्या आसपास. ‘शाकाहारी म्हणजे यकृताला चांगलं’ हे आपण धरून चालतो, पण खारी, भडंग, साबुदाणा आणि गुलाबजामही शाकाहारीच आहेत.

तुमच्या भागात याचा उपाय शोधायला लांब जायला नको. शाळूची भाकरी. हुलग्याची आमटी, मटकीची उसळ, पावटा, घेवडा. अंबाडी, शेपू, मेथी. कारळ्याची, जवसाची चटणी. पीठ चाळू नका. चाळणीत जो कोंडा उरतो आणि गाईच्या घमेल्यात जातो, तोच तुमच्या जिवाणूंचा घास आहे. संध्याकाळी भडंगाच्या जागी सालीसकट फुटाणे, मूठभर शेंगदाणे. ताक रोज प्या, साखरेशिवाय. विरजणातले जिवाणू पोटात कायमचं घर करत नाहीत, तरी ताक चांगलंच, आणि ते कोल्ड्रिंकची जागा घेतं हा त्याचा मोठा गुण.

भात पूर्ण सोडलाच पाहिजे असं नाही. शिजवून गार केलेल्या भातातला थोडा स्टार्च न पचणारा होतो आणि जिवाणूंना मिळतो. २०२३ मध्ये चीनमध्ये २०० रुग्णांना चार महिने रोज मक्यापासून काढलेला असा स्टार्च दिला, तेव्हा यकृतातली चरबी घटली, आणि ती नुसत्या वजन घटल्यामुळे नव्हती. पण तो रोज ४० ग्रॅम होता. एवढा स्टार्च फोडणीच्या भातातून मिळणार नाही, तेव्हा भाताचा डोंगर शिळा करून खाऊ नका. मूदभर भात आणि दोन वाट्या उसळ, असं उलटं गणित करा. उरलेला भात तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना चांगला वाफवून घ्या. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात पोट बिघडवणारे जिवाणू वाढतात.

हे सगळं एका दिवसात करू नका. आठवडाभरात पोट फुगेल, गॅस होतील आणि तुम्ही म्हणाल, मला हे झेपत नाही. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीच्या दोन चपात्यांच्या जागी एक भाकरी. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड अर्धी वाटी उसळ. पाणी वाढवा. हिंग-जिरं-ओवा आपल्या आया उगीच घालत नव्हत्या.

एकादशी सोडा असं मी सांगणार नाही, ती तुमच्या घराची श्रद्धा आहे. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला निव्वळ स्टार्च, त्यावर तूप, त्यावर साखर. त्याऐवजी उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि दाण्याची पातळ आमटी, ताक, एखादं फळ. उपवास उपवासासारखा होईल.

वजनाबद्दल एकच हिशेब. पाच टक्के उतरलं की यकृतातली चरबी हटायला लागते. तुमच्यासाठी ते साडेतीन किलोच्या आत आहे. सात ते दहा टक्क्यांवर सूजही ओसरते. क्युबात २९३ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास झाला, त्यात दहा टक्के किंवा जास्त वजन घटवलेल्यांपैकी नव्वद टक्के जणांची यकृताची सूज गेली होती आणि जवळपास निम्म्यांचे वण मागे हटले होते. तुमचे दहा टक्के म्हणजे पावणेसात किलो, सहा-आठ महिन्यांत होण्यासारखे. जेवण रात्री दहाऐवजी आठला आणा, जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, आठवड्यात निदान अडीच तास दम लागेल असं चालणं व्हावं. वजन घसरगुंडीसारखं उतरवू नका, आठवड्याला अर्ध्या-पाऊण किलोच्या वर नको. फार झपाट्याने उतरवलं तर यकृताला उलट त्रास होऊ शकतो.

आता सांगा, यातलं पत्नीला न कळता काय होणार आहे? भाकरी? उसळ? आठ वाजताचं जेवण?

तिच्यावर भार नको, ही तुमची भावना मला खरी वाटते. पण मला वाटतं तुम्ही तिला एक वेगळं ताट करावं लागेल असं गृहीत धरलंय. वेगळं काही करायचंच नाहीये. हे जेवण तुमच्या मुलांनाही हवंय, तिलाही हवंय. आणि भार हलका करायचा तर तो तुम्ही उचला. रात्री जेवणं झाली की दोन वाट्या मटकी निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी अंघोळीआधी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधा आणि भांड्यात झाकून ठेवा. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर फडकं सोडाल तेव्हा ओलसर, हिरवट वास येईल आणि पांढरे मोड बाहेर आलेले दिसतील. आठवड्यातून दोनदा हे काम तुमचं. फोडणी कोण देतं ते पुढे बघता येईल.

सांगायचं कसं? आधी पत्नीला, दोघंच असताना, जेवणाच्या वेळी नको. ‘शिबिरात माझ्या लिव्हरवर चरबी निघाली. दारूचा संबंध नाही. काकांमुळे सगळ्यांना काय वाटेल या भीतीने दीड महिना बोललो नाही. हा रिपोर्ट, हा हिशेब.’ आणि कागद तिच्या हातात द्या. ती रागावली तर बहुधा आजारावर नाही, दीड महिन्यावर रागावेल. ते ऐकून घ्या. डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत न्या, म्हणजे दारूचा प्रश्न तिच्यासमोरच विचारला जाईल आणि उत्तरही तिच्यासमोरच दिलं जाईल.

वडिलांना नंतर सांगा, आणि लपवून सांगू नका. ज्या माणसाने इतकी वर्षं वारीत पिठलं-भाकरी खाऊन पायाखाली वाट घातली, त्यांना ‘डॉक्टरांनी भाकरी खा आणि रोज चाल म्हटलंय’ हे समजायला कठीण जाईल असं मला वाटत नाही. कदाचित संध्याकाळी चालायला सोबत तेच मिळतील.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. फिब-४ चं सूत्र पस्तिशीच्या आतल्यांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना असंच लावू नका, डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं बदलताना साखर एकदम खाली जाऊ शकते, आधी बोलून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी-कडधान्यं किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पीसीओडी असलेल्या मुलींनी यकृताची तपासणी जरूर करावी. जे थोडी घेतात त्यांनी ती थोडीही थांबवावी. डोळे पिवळे होणं, पोटात पाणी भरल्यासारखं फुगणं, पाय सुजणं यापैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली तर घरी थांबू नका, थेट मोठं रुग्णालय.

आणि तुम्हाला: पहिल्या भेटीनंतर तीन महिन्यांनी एसजीपीटी पुन्हा करा आणि बेंबीच्या रेषेत टेप धरून कंबर मोजा. दर आठवड्याला सोनोग्राफी करून काही कळणार नाही, ती सहा महिन्यांनी. हे आकडे मला कळवा, आणि त्यासोबत घरी काय म्हणाले तेही लिहा. त्या दुसऱ्या गोष्टीची मी जास्त वाट बघतेय.